थडग्यावरचं नाव पुन्हा वाचता यावं म्हणून: जुन्या दफनभूमीतल्या माजी सैनिकांसाठी काय आणि कसं करायचं

त्या दगडाजवळून आम्ही दोन रविवार नुसतेच पुढे गेलो होतो. गुडघाभर उंचीचा, काळपट, अंगावर दगडफुलाचे करडे-हिरवे गोल. तिसऱ्या रविवारी आमच्यातल्या एका मुलीनं घरून आणलेला हातभर आरसा बाजूला धरला आणि सकाळच्या उन्हाचा कवडसा दगडावर अगदी तिरपा सोडला. सपाट दिसणाऱ्या दगडावर एकाएकी सावल्या उठल्या. वर हिब्रू ओळ, आणि तिच्याखाली चक्क बाळबोध मराठीत ‘सुभेदार’. पुढे ‘कर’नं संपणारं आडनाव. आम्ही सगळे दोन मिनिटं गप्प उभे होतो. ते नाव शेवटचं कुणी आणि कधी वाचलं असेल, एवढंच डोक्यात होतं.

पुण्यामुंबईच्या जुन्या दफनभूमींत असे दगड आहेत. ख्रिस्ती, मुसलमान, ज्यू, लिंगायत, दफन करणाऱ्या प्रत्येक समाजातून माणसं पलटणीत गेली. दिवेकर, रोहेकर, नवगावकर अशी कोकणातल्या गावांवरून आडनावं लावणारे बेने इस्रायल ज्यू तर मुंबई फौजेत पिढ्यान्‌पिढ्या होते. मुंबईत १७९६ साली पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर, बांधणारे समाजी हसाजी दिवेकर स्वतः ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले अधिकारी होते आणि टिपूच्या कैदेतून सुटून आले होते.

युद्धात पडलेल्या सैनिकाची काळजी वाहायला एक मोठी संस्था आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशन १९१७ साली स्थापन झालं. खडकीच्या वॉर सिमेट्रीत दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ समाध्या याच संस्थेनं राखल्या आहेत. गवत कापलेलं, रांगा सरळ, अक्षरं स्वच्छ. पण कमिशनच्या यादीला तारखांची चौकट आहे: पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. मेसोपोटेमियातून, म्हणजे आजच्या इराकमधून, जिवंत परत आलेला, पेन्शन घेऊन कॅम्पात दोन खोल्यांत राहिलेला आणि १९३८ साली स्वतःच्या खाटेवर वारलेला हवालदार त्या चौकटीत बसत नाही. १९४८, १९६२, १९६५ किंवा १९७१ ची लढाई पाहून घरी परतलेला जवानही नाही. त्याचा दगड घरच्यांनी बसवला. घरचे परगावी किंवा परदेशी गेले, की त्या दगडाला वाली उरत नाही. हा लेख त्या दगडांसाठी आहे.

आधी माणसांना भेटा

दफनभूमी ओस दिसली तरी ती कुणाची तरी असते: चर्चची, सिनेगॉगच्या विश्वस्तांची, वक्फची, महापालिकेची किंवा कॅन्टोन्मेंट बोर्डाची. फादर, मुतवल्ली (वक्फचा कारभारी), विश्वस्त, जो कुणी जबाबदार असेल त्याच्याकडे लेखी अर्ज घेऊन जा. अर्जात तीनच गोष्टी लिहा: आम्ही नोंद करणार, फोटो काढणार, आणि सांगितल्याशिवाय दगडाला हात लावणार नाही. ही शेवटची ओळ फार कामाची आहे. पुष्कळ विश्वस्तांनी उत्साही मंडळींचे प्रताप पाहिलेले असतात.

परवानगीशिवाय आत शिरून काही मोडलं-फोडलं, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३०१ दफनभूमीतल्या आगळिकीसाठीच आहे. पुरातत्त्व खात्याचा फलक असेल, तर दगड पुसायचाही विचार नको.

रखवालदाराशी मैत्री करा. वीस-पंचवीस वर्षं तिथे काढलेल्या माणसाला, नोंदवहीत नसलेलं पुष्कळ ठाऊक असतं. ‘त्या चिंचेखाली दर वर्षी एक म्हातारे गृहस्थ यायचे, छातीवर पदकं लावून,’ ही माहिती आम्हाला अशीच मिळाली.

वार आणि रिवाज विचारून घ्या. ज्यू दफनभूमीत शनिवारी जायचं नाही. कबरस्तानात शुक्रवारी दुपारी काम काढू नका, आणि स्त्रियांनी आत येण्याबद्दल तिथली रीत काय आहे, ते आधीच विचारा. ख्रिस्ती दफनभूमीत २ नोव्हेंबरच्या मृतात्म्यांच्या दिवसाआधी घरचे लोक थडगी साफ करायला येतात. त्या आठवड्यात तुम्ही तिथे असलात, तर ज्यांचा पत्ता शोधत होतात तेच कुटुंब समोर उभं राहू शकतं.

हवामानाचंही ऐका. पावसाळा संपता संपता गवत कमरेएवढं असतं आणि त्यात घोणस असते. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तम. पायात बूट हवेत आणि हातात काठी.

सैनिक कोण, हे दगडावरून कसं ओळखायचं

इथे घाई करू नका, कारण दगड सांगत असतो, आपल्यालाच ती भाषा येत नसते.

हुद्द्यापासून सुरुवात करा. शिपाई, नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार, सुभेदार-मेजर अशी चढती शिडी. आज ‘जमादार’ म्हटलं, की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पालिकेचा जमादार येतो. जुन्या दगडावरचा जमादार मात्र फौजेतला अधिकारी असू शकतो. याच हुद्द्याला १९६५ पासून नायब सुभेदार म्हणतात. ‘सरदार बहादूर’ किंवा नुसतं ‘बहादूर’ दिसलं, तर ते आडनाव समजून पुढे जाऊ नका. १८३७ साली सुरू झालेल्या ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया या मानाच्या पहिल्या वर्गाला सरदार बहादूर आणि दुसऱ्या वर्गाला बहादूर ही पदवी होती. एवढ्या एका शब्दानं त्या माणसाची कागदोपत्री वाट सापडते.

मग पलटणीचा आकडा. इथे फार जण चुकतात. १९०३ साली मुंबईकडच्या जुन्या पायदळ पलटणींच्या आकड्यांत शंभर मिळवले गेले: तिसरीची १०३ वी झाली, पाचवीची १०५ वी, सतरावीची ११७ वी. पुढे १९२२ साली १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ या पलटणी एकत्र येऊन पाचवी मराठा लाइट इन्फंट्री उभी राहिली, आणि ११४ वी तिची प्रशिक्षण पलटण झाली. म्हणजे १८९० च्या दगडावरची ‘तिसरी’, १९१६ च्या दगडावरची ‘१०३’ आणि आजची मराठा रेजिमेंटची जंगी पलटण (तिची पहिली बटालियन) हे एकच घराणं. ‘१११ महार’ दिसलं, तर तो दगड तुमच्या हातातला हिरा समजा: ही पलटण १९१७ मध्ये उभारली आणि १९२१ मध्ये मोडली. आजची महार रेजिमेंट त्यानंतर वीस वर्षांनी, १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात उभी राहिली.

तारखा पडताळून घ्या. दगडावर शके असेल तर ७८ मिळवा. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९ धरावे लागतात. ज्यू वर्षातून ३७६० वजा केले की इसवी सन येतो, फक्त वर्षारंभाच्या काही महिन्यांपुरता एकाचा फरक पडतो. हिजरी तारीख मात्र तोंडी हिशेबानं काढू नका, कोष्टक वापरा.

आणि दगडच नसेल तर? शिवडीचं उदाहरण सांगतो. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या मोहिमेचं मुख्य बंदर मुंबई होतं. बसऱ्याकडून जखमी आणि आजारी सैनिकांची जहाजं इथे लागत. आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची इमारत तेव्हा लष्करी इस्पितळ म्हणून वापरात होती. त्या काळात मुंबईत वारलेले पुष्कळ जण शिवडीच्या दफनभूमीत होते. जुलै १९६२ मध्ये त्यांतल्या ६२९ जणांचे अवशेष खडकीला आणून पुन्हा दफन केले गेले आणि त्यांची नावं तिथल्या १९१४-१८ स्मारकावर कोरली गेली. भारत-पाकिस्तानातल्या ज्या कबरी नीट राखता येणार नव्हत्या, अशा १,८०० हून जास्त जणांची नावं त्या स्मारकावर आहेत. म्हणून शिवडीत एखादं नाव सापडलं नाही, तर माणूस हरवला असं लिहून मोकळे होऊ नका. आधी खडकी पाहा.

नोंद: एकानं वाचायचं, दुसऱ्यानं लिहायचं

साफसफाईच्या आधी नोंद. हा क्रम कधीही उलटवू नका. धुताना एखादी खपली निघाली, तर जे गेलं त्याचा पुरावा फक्त आधीचा फोटो असतो.

दफनभूमीचा साधा नकाशा काढा. फाटकापासून पावलं मोजली तरी चालतं. प्रत्येक दगडाला वहीत क्रमांक द्या. दगडावर खडूनं किंवा मार्करनं काहीही लिहू नका. फोटो तीन: समोरून, दोन्ही बाजूंचा शेजार दिसेल असा, आणि अक्षरांचा जवळून. फ्लॅश नको, त्यानं अक्षरं सपाट होतात. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतरचं तिरपं ऊन घ्या. सावलीतल्या दगडासाठी आरसा, नाहीतर अंधार पडताना मोबाइलचा टॉर्च अगदी कडेनं लावा. संगमरवरावर शिसं भरलेली अक्षरं गळून पडलेली असतील, तर शिसं धरून ठेवायला पाडलेली बारीक भोकं शिल्लक असतात. ती बोटानं चाचपून, कागदावर ठिपके मांडून नाव जुळवता येतं. आम्ही एक आख्खी ओळ अशी जुळवली आहे, दीड तास लागला.

अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडूची पूड, पीठ, दाढीचा फेस फासण्याचे सल्ले फिरत असतात. एकही ऐकू नका. पिठानं बुरशी आणि मुंग्या येतात, खडू भोकांत बसतो आणि घासताना दगड झिजतो.

मजकूर जसाच्या तसा उतरवा. ‘हावलदार’ असं कोरलं असेल तर ‘हावलदार’च लिहा. न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्या, अंदाज करू नका. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं लिहायचं, मग अदलाबदल करून पुन्हा. दोन वाचनांत फरक आला, तर दोन्ही ठेवा.

कागदांत माग काढणं

पहिली जागा जवळचीच: दफनभूमीची किंवा चर्चची दफन नोंदवही आणि पालिकेची मृत्यू नोंद. स्वातंत्र्यानंतरच्या सैनिकासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. पेन्शनचा कागद, सेवा क्रमांक किंवा पलटणीचं नाव यांतलं काहीतरी हाताशी ठेवा. नुसत्या नावावर तिथले लोकही काय शोधणार! सेवा क्रमांक मिळाला, की त्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाला पत्र लिहिता येतं.

जुन्या काळासाठी मुंबई इलाख्याच्या ख्रिस्ती दफन नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ‘एन-३’ या मालिकेत आहेत. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीच्या संकेतस्थळावर पुष्कळ सूची फुकट पाहता येतात. दक्षिण आशियातल्या दफनभूमींसाठी १९७६ पासून काम करणारी बॅक्सा ही संस्था थडग्यांच्या नोंदी जमा करते, तुमचीही यादी घेईल. भारतीय अधिकाऱ्यांच्या नेमणुका आणि मानमरातब जुन्या ‘इंडियन आर्मी लिस्ट’मध्ये सापडतात, आणि तिचे बरेच खंड इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे पोर्टलही चाळा.

एका पुराव्यावर कुणालाही सैनिक ठरवू नका. दगडावर हुद्दा आहे आणि कागदात तेच नाव-पलटण आहे, तेव्हाच नाव पक्क्या यादीत. बाकीची वेगळ्या यादीत, ‘तपास चालू’ म्हणून. आणि पलंगावर वारलेल्या माजी सैनिकाला ‘शहीद’ म्हणू नका. ‘माजी सैनिक’ हा शब्द पुरेसा मानाचा आहे, आणि तो खरा आहे.

दगड धुणं: कमीत कमी, आणि फक्त पाण्यानं

एका दफनभूमीत एक पांढरी संगमरवरी शिला पाहिली. कुणीतरी भक्तिभावानं ती टाइल्स धुवायच्या अ‍ॅसिडनं चकाचक केली होती. दगड खरोखर पांढराशुभ्र होता, हात लावला तर साखरेसारखा खरखरीत, आणि अक्षरांच्या कडा गोल होऊन विरघळलेल्या. हुद्दा वाचता येत होता, नाव गेलं होतं. ते पाहून वाटलेलं वाईट मला आजही सोडत नाही.

संगमरवर हा चुन्याचा दगड. अ‍ॅसिड पडलं की तो फेसाळतो, म्हणजे दगडच विरघळत असतो. लिंबू, व्हिनेगर, चिंच हे सगळं अ‍ॅसिडच. काळा कडप्पाही चुनखडीचाच, दिसायला कणखर असला तरी. ब्लीच, धुण्याचा सोडा, तारेचा ब्रश, पत्र्याची पट्टी, गाड्या धुवायचा जोराचा फवारा, यांतलं काहीही दफनभूमीच्या फाटकातून आत नेऊ नका.

हवं ते एवढंच: स्वच्छ पाण्याचे दोन जार, झाडांवर फवारायचा हातपंप, कपडे धुवायचा मऊ प्लास्टिकचा ब्रश, जुने टूथब्रश, आइस्क्रीमच्या लाकडी काड्या, सुती फडकी. बोअरचं पाणी जड असतं, वाळल्यावर पांढरे डाग राहतात, म्हणून निदान शेवटचं पाणी तरी पिण्याचं घ्या.

आधी दगडावर टकटक करून ऐका. पोकळ आवाज आला, पापुद्रे सुटलेले दिसले किंवा बोटाला कण लागले, तर तिथेच थांबा. तो दगड जाणकाराचा, आपला नाही. ठणठणीत असेल तर मागच्या बाजूला, खाली, तळहाताएवढ्या जागेवर करून पाहा आणि वाळल्यावर बघा.

मग पूर्ण दगड भिजवा. दहा मिनिटं थांबा, पुन्हा भिजवा. कोरडं दगडफूल ओढलं तर दगडाचे कण घेऊन निघतं, भिजून फुगलं की काडीनं अलगद सुटतं. सुटणार नाही ते राहू द्या. ब्रश खालून वर, छोट्या गोलाकार हातानं, जोर न लावता. वरून सुरू केलं तर मळकट ओघळ खालच्या कोरड्या दगडात मुरतात. अक्षरांत टूथब्रश, तोही शिशाच्या अक्षरांवर नाही. सारखं पाणी सोडत राहा. एका माणसाच्या हातून एका सकाळी एक दगड, फार तर दोन. त्याहून जास्त झाले तर कुठेतरी घाई झाली आहे.

आमचा तो सुभेदाराचा दगड असा चार रविवार चालला. तिसऱ्या दिवशी आडनावाच्या खाली पलटणीचा आकडा निघाला. चौथ्या दिवशी सगळ्यात शेवटची ओळ, अगदी बारीक अक्षरांत: ‘हा दगड त्याच्या बायकोने बसविला.’

फुटलेल्या दगडाला सिमेंट लावू नका. सिमेंट दगडापेक्षा कडक, त्यातले क्षार दगडात उतरतात आणि पुढची फूट दगडातच पडते. तुकडे असतील तर फोटो काढून तिथेच, अक्षरं वर करून, सपाट ठेवा. कललेली शिला सरळ करायला जाऊ नका, तिचं वजन दोन-तीन माणसांना झेपणारं नसतं. सांध्यात पिंपळाचं किंवा उंबराचं रोप असेल तर उपटू नका. मूळ दगडाला घेऊन वर येतं. बुंध्याशी कापा आणि पुन्हा फुटलं की पुन्हा कापा. अक्षरांत काळा किंवा सोनेरी रंग भरण्याचा मोह होतो. विश्वस्त म्हणाले तरी नको. रंगवणारा हमखास एखादं अक्षर चुकवतो, आणि पुढचे लोक ती चूकच वाचतात.

मानवंदना

आपल्याकडे आदर म्हटला की हात आपोआप हार, हळदकुंकू, उदबत्ती, तेलाचा दिवा याकडे जातो. भावना सोळा आणे खरी. पण संगमरवर तेल आणि कुंकू पिऊन घेतो आणि डाग कायमचा राहतो. शिवाय ज्याची कबर आहे त्याची रीत वेगळी असते. ज्यू कबरीवर फुलं न ठेवता छोटा खडा ठेवतात: मी येऊन गेलो. ख्रिस्ती थडग्यावर फुलं आणि मेणबत्ती चालते, मेणबत्ती फक्त दगडावर न ठेवता बाजूच्या मातीत, मातीच्या पणतीत लावा. कबरस्तानात तिथल्या लोकांना फातिहा म्हणायला सांगा आणि आपण मागे उभे राहा. सगळीकडे चालेल असं एक फूल हवं असेल तर झेंडू घ्या. पाश्चात्त्य देशांत पॉपीचं फूल लावतात तसं भारतीय सैनिकांच्या स्मरणासाठी झेंडूचं फूल, ही कल्पना दिल्लीच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन या लष्करी अभ्यासाच्या संस्थेनं पुढे आणली. सुटं फूल ठेवा. तारेत ओवलेला हार नको, तार गंजते आणि दगडावर तांबडी रेघ उमटते.

अमेरिकेत मेमोरियल डेला प्रत्येक सैनिकाच्या थडग्यापाशी छोटा झेंडा रोवतात. तिथल्या मराठी घरांतली मुलंही त्यात जातात, आणि इकडे तसं करावं असं पुष्कळांना वाटतं. आपली ध्वजसंहिता वेगळी आहे. तिरंगा जमिनीला लागता कामा नये आणि कार्यक्रमानंतर टाकून देता येत नाही. शंभर कागदी झेंडे रोवून निघून गेलात, तर दुसऱ्या दिवशी ते चिखलात असतील. एकच कापडी झेंडा, रीतसर काठीवर, एकाच्या हातात, आणि कार्यक्रम संपला की घडी घालून परत.

दिवस निवडा: ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन, १५ जानेवारीचा सैन्यदिन, महायुद्धातल्या माणसांसाठी ११ नोव्हेंबर. भाषणं नकोत. यादीतलं एकेक नाव, हुद्दा, पलटण आणि वर्ष मोठ्यानं वाचायचं. शाळकरी मुलांना प्रत्येकी एकच नाव द्या, आधी आठवडाभर, म्हणजे ती त्या माणसाबद्दल घरी विचारतात. दोन मिनिटं शांतता. बिगुल हवा असेल तर जवळच्या एनसीसी बटालियनला महिनाभर आधी पत्र द्या. मोबाइलवरून ध्वनिमुद्रण वाजवण्यापेक्षा नुसती शांतता बरी. परिसरातल्या माजी सैनिकांना आवर्जून बोलवा आणि त्यांना बसायला खुर्च्या ठेवा, हे हटकून विसरतं.

कुणीतरी विचारणारच: इंग्रजांच्या फौजेत लढलेल्यांना मानवंदना कशाला? प्रश्न रास्त आहे. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीच्या लढाईत पेशव्यांच्या समोर उभ्या राहिलेल्या फौजेतही इथलीच माणसं होती. मला वाटतं, आपण साम्राज्याला सलाम करत नाही. पोटासाठी, घराण्याच्या रीतीसाठी किंवा मान मिळेल या आशेनं पलटणीत गेलेल्या, आणि आपल्याच मातीत विसावलेल्या माणसाचं नाव घेतो. युद्धाचं नाव, साल आणि तो कुणाच्या बाजूनं लढला, हे जसं असेल तसं सांगा. मुलांना ते समजतं.

कार्यक्रमानंतर यादीच्या चार प्रती करा: एक दफनभूमीच्या विश्वस्तांकडे, एक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात, एक गावातल्या जुन्या ग्रंथालयात, एक स्वतःकडे. छापील प्रती, कारण पेनड्राइव्ह दहा वर्षांनी उघडेलच असं नाही. घरच्यांचा पत्ता लागला असेल तर त्यांना आधी कळवा, त्यांच्या परवानगीशिवाय घरातला फोटो किंवा पत्ता कुठेही टाकू नका.

पावसाळा सरला, की पुन्हा त्याच दगडांपाशी जा. तोच कोन, तेवढंच अंतर, तीच वेळ ठेवून फोटो काढा आणि गेल्या वर्षीच्या शेजारी ठेवा. दगडफूल परत आलं असेल तर पाणी आणि ब्रश. अक्षर झिजलेलं दिसलं तर ब्रश त्या वर्षी घरीच, फक्त वही न्या.